दारातला रॅकून आणि घरातला कुत्रा

डिसेंबर २०१५ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात प्राणी नियंत्रण विभागाच्या एका गाडीत आजारी रॅकून (उत्तर अमेरिकेतला एक रानटी प्राणी) होता आणि त्याच गाडीत दोन बुलमास्टिफ कुत्रेही होते. वाटेत कुत्रे रॅकूनपर्यंत पोचले आणि गाडीतच जुंपली. या झटापटीमुळे रॅकूनची तपासणी झाली आणि त्याला रेबीज असल्याचं उघड झालं. ऑन्टारियो प्रांतात २००५ नंतर रॅकूनच्या रेबीजचा एकही रुग्ण सापडला नव्हता. दहा वर्षांची शांतता त्या दिवशी संपली.

पुढची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. अमेरिकेची सीमा हॅमिल्टनपासून फार लांब नाही, त्यामुळे आजार नायगाराच्या बाजूने आला असेल असंच कोणालाही वाटलं असतं. पण विषाणूची जनुकीय तपासणी झाली तेव्हा त्याचं नातं सुमारे ५०० किलोमीटर दूरच्या, न्यूयॉर्क राज्याच्या आग्नेय भागातल्या विषाणूशी जुळलं. रॅकून एवढं अंतर चालत जात नाही. तो कुठल्या तरी वाहनातून, बहुधा मालट्रकमधून आला असावा. त्यानंतरच्या काही वर्षांत त्या परिसरात शेकडो रॅकून आणि स्कंक (दुर्गंधी फवारणारा काळा-पांढरा रानटी प्राणी) रेबीजग्रस्त आढळले.

आपल्याकडे रेबीज म्हटलं की डोळ्यांसमोर पिसाळलेलं कुत्रं येतं आणि भारतापुरतं ते बरोबरच आहे. उत्तर अमेरिकेत मात्र हिशेब उलटा आहे. कुत्र्याकडून कुत्र्याकडे पसरणारा रेबीजचा प्रकार अमेरिकेतून संपल्याचं २००७ मध्ये जाहीर झालं. आता तिथे हा विषाणू वटवाघळं, रॅकून, स्कंक आणि कोल्हे यांच्यात टिकून आहे. त्यामुळे न्यू जर्सीत किंवा टोरंटोच्या उपनगरांत कुत्रा पाळणाऱ्या मराठी कुटुंबाने ‘आपला कुत्रा कोणाला चावेल का’ यापेक्षा ‘आपल्या कुत्र्याला कोण चावेल’ याची काळजी अधिक करायला हवी. मला हा विषय महत्त्वाचा वाटतो तो याचसाठी. रॅकून आणि कुत्रा यांच्या भांडणात दिसणारी जखम बहुतेक वेळा लहान असते. खरा धोका नंतरच्या दिवसांत आणि आठवड्यांत असतो आणि त्यातला बराचसा आधीच टाळता येतो.

ज्यांनी रॅकून फक्त चित्रात पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख. डोळ्यांभोवती काळा पट्टा, शेपटीवर गडद कडी, वजन साधारण ५ ते १२ किलो. शहरातल्या आयत्या अन्नावर पोसलेला नर याहूनही जड होतो. मूळचा उत्तर आणि मध्य अमेरिकेचा, कॅनडाच्या दक्षिण भागापासून पनामापर्यंत आढळणारा. पुढचे पंजे लहान मुलाच्या हातासारखे, पाच मोकळ्या बोटांचे. या पंजांच्या स्पर्शज्ञानासाठी त्याच्या मेंदूचा फार मोठा भाग राखलेला आहे, म्हणून अंधारात, पाण्याखाली, डब्याच्या झाकणाखाली तो हातांनीच ‘पाहतो’. टोरंटो महापालिकेने २०१६ पासून ओल्या कचऱ्याचे नवे डबे वाटले. त्यांचं कुलूप फिरवून उघडावं लागतं आणि या सगळ्या बदलावर ३ कोटी १० लाख कॅनेडियन डॉलर मंजूर झाले होते. तरीही काही रॅकून हे डबे आडवे पाडून उघडताना दिसले.

झाडावर तो सराईतपणे चढतो आणि मागचे पाय पूर्ण उलटे वळवता येत असल्यामुळे डोकं खाली करून उतरतो. म्हणजेच पळून जायची वाट मिळाली तर तो जवळपास नेहमी पळतो. मग तो कुत्र्यासमोर उभा का राहतो? याची कारणं फार थोडी आहेत आणि ती ओळखता आली तर पुढचं बरंच सोपं होतं.

पहिलं कारण पिल्लं. रॅकूनचा विणीचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्चचा, गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा. त्यामुळे एप्रिल-मेच्या सुमारास माळ्यावर, धुराड्यात, डेकखाली (घरामागच्या लाकडी ओट्याखाली) किंवा गॅरेजच्या अडगळीत पिल्लं जन्माला येतात. पिल्लांना वाढवण्याचं काम एकट्या मादीचं असतं. या दिवसांत कुत्रा डेकखाली नाक खुपसतो तेव्हा आतून जी फिस्कारत बाहेर येते ती आई असते आणि ती मागे हटणार नाही. दूध पाजणाऱ्या मादीला भूकही जास्त लागते, म्हणून ती भरदिवसासुद्धा बाहेर पडते. ‘दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेलाच’ हा समज त्यामुळे चुकीचा आहे.

दुसरं कारण अन्न, आणि इथे दोष आपला आहे. मागच्या पायरीवर राहिलेला कुत्र्याचा वाडगा, पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे, झाडाखाली सडलेली फळं, उघडा कंपोस्ट. रोज ठरावीक जागी खायला मिळालं की रॅकूनची माणसाबद्दलची भीती मोडते. कोणी मायेने हाताने खाऊ घालत असेल तर आणखीनच. मग त्या वाडग्याचे दोन मालक होतात, कुत्रा आणि रॅकून, आणि दोघांनाही तो आपलाच वाटतो. रॅकूनला खाऊ घालणं हे प्रेम नाही, असं मी स्पष्ट म्हणेन. त्याची किंमत शेवटी त्या प्राण्यालाच मोजावी लागते, कारण धीट झालेल्या रॅकूनची तक्रार होते आणि अनेकदा त्याला मारलं जातं.

तिसरं कारण आजार. चाल अडखळणारी, मागचे पाय ओढत चालणं, एकाच जागी गोल फिरणं, जवळ गेलं तरी न हलणं किंवा विनाकारण अंगावर धावून येणं, तोंडातून लाळ. ही लक्षणं रेबीजची असू शकतात आणि डिस्टेंपरचीही. डिस्टेंपरचा विषाणू गोवराच्या विषाणूच्या कुळातला. तो माणसाला होत नाही, पण रॅकून आणि कुत्रा दोघांनाही होतो आणि शहरी रॅकूनांत त्याच्या साथी येतात. डोळ्यांतून चिकट स्राव, खोकला, झटके असं दिसलं तर डिस्टेंपरची शंका घेतात. तरी नुसतं बघून दोन्हींतला फरक तज्ज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही. रेबीजचं निदान मेंदूच्या ऊतींच्या तपासणीनेच होतं. म्हणूनच चावा झाल्यावर प्राणी मारावा लागलाच तर त्याचं डोकं शाबूत ठेवायला सांगतात.

रॅकूनमधला रेबीज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एवढा पसरला कसा, हे प्रत्येक घरमालकाला माहीत असायला हवं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रकार फ्लोरिडाच्या आसपास होता. १९७० च्या दशकात शिकारीसाठी रॅकून कमी पडतात म्हणून आग्नेय राज्यांतून हजारो रॅकून पकडून व्हर्जिनियाच्या बाजूला सोडण्यात आले. त्यांच्याबरोबर विषाणूही गेला. १९७७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात पहिला रुग्ण सापडला, १९९० मध्ये साथ न्यूयॉर्कमध्ये पोचली, १९९४ मध्ये मेन राज्यात आणि १९९९ मध्ये सीमा ओलांडून ऑन्टारियोत. एवढा मोठा प्रदेश व्यापणारी साथ, आणि तिच्या मुळाशी पिंजऱ्यात घालून हलवलेले प्राणी!

तेव्हा ‘पिंजरा लावू, पकडू आणि लांब जंगलात सोडून येऊ’ हा दयाळू वाटणारा उपाय खरं तर सर्वांत वाईट आहे. अनोळखी जागी सोडलेल्या प्राण्याला ना बीळ माहीत, ना पाणी. मादी पकडली तर पिल्लं माळ्यावर उपाशी मरतात. आणि आजार नव्या मुलखात जातो. ऑन्टारियोत कायदाच आहे: पकडलेला रॅकून २४ तासांत आणि पकडल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतच सोडायचा. इतर ठिकाणचे नियम वेगवेगळे आहेत, पण हेतू बहुतेक हाच. कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी एक भर घालतो. रॅकूनचा रेबीज पूर्वेकडचा आहे. कॅलिफोर्नियात तो रॅकूनांत फिरत नाही, तिथे काळजी स्कंक आणि वटवाघळांची. बाकीचे आजार मात्र तिथेही आहेत.

या आजारांपैकी एक कुत्रेवाल्यांना फारसा ठाऊक नसतो. रॅकूनच्या शिकारीसाठी पाळलेल्या कूनहाउंड जातीच्या कुत्र्यांत तो प्रथम लक्षात आला, म्हणून त्याला ‘कूनहाउंड पॅरालिसिस’ म्हणतात. होतो मात्र कुठल्याही जातीला. भांडण होऊन साधारण एक ते दोन आठवडे लोटतात, जखम भरत आलेली असते आणि अचानक कुत्र्याचे मागचे पाय लटपटू लागतात. मग पुढचे. काही दिवसांत तो उठूच शकत नाही. भुंकण्याचा आवाज घोगरा होतो किंवा बसतो. आणि तरीही तो शुद्धीत असतो, शेपटी हलवतो, भूक लागते, लघवीवर ताबा असतो. बघणाऱ्याचं काळीज तुटतं. रॅकूनच्या लाळेतल्या कशाला तरी विरोध करताना कुत्र्याची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच चेतातंतूंच्या मुळांवर हल्ला करते, असं मानलं जातं. माणसातल्या गियाँ-बारे सिंड्रोमशी याचं बरंच साम्य आहे. रॅकूनशी संबंध न येताही कुत्र्यांना असा लकवा होतो, त्यामुळे सगळं कोडं अजून सुटलेलं नाही.

यावर खास औषध नाही, पण बहुतेक कुत्रे बरे होतात, हे मला ठासून सांगायचं आहे. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर मऊ अंथरूण, दर काही तासांनी कूस बदलणं, हाताने भरवणं, पायांचा हलका व्यायाम. श्वासाच्या स्नायूंवर परिणाम झाला तर मात्र तातडीने दवाखाना गाठावा लागतो. लक्षणं दिसतील तेव्हा व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) रॅकूनशी झालेल्या झटापटीची तारीख सांगायला विसरू नका.

रॅकून ठरावीक जागी विष्ठा टाकतात: झाडाच्या बुंध्याशी, डेकच्या कोपऱ्यात, छपरावर, मुलांच्या वाळूच्या खड्ड्यात. त्यात बेलिसॅस्करिस नावाच्या जंताची अंडी असू शकतात. ताजी अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना दोन ते चार आठवडे लागतात. नंतर मात्र ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात. माणसाला हा संसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर अळ्या मेंदूपर्यंत पोचू शकतात, आणि माती तोंडात घालणारी लहान मुलं सर्वांत असुरक्षित. कुत्र्याच्या आतड्यातही हा जंत वाढू शकतो, म्हणून जंताचं औषध नियमित द्यावं. विष्ठा दिसली की हातमोजे आणि मास्क घालून लगेच उचलावी आणि त्या जागेवर उकळतं पाणी ओतावं. ब्लीचने ही अंडी मरत नाहीत. आणि लेप्टो, जो आपल्याला मुंबई-कोकणच्या पावसाळ्यामुळे परिचयाचा आहे, तो रॅकूनच्या मूत्रातूनही पसरतो. कुत्र्यांसाठी त्याची लस मिळते.

समजा, रात्री कुत्रा अंगणात गेला आणि समोर रॅकून. दोघांच्या मध्ये हात घालू नका. माणसाला चावे बसतात ते बहुतेक याच क्षणी. भांडी बडवा, ओरडा, बागेच्या नळीने पाण्याचा जोरदार फवारा मारा आणि रॅकूनला पळायला एक बाजू मोकळी ठेवा. कोपऱ्यात सापडलेला प्राणीच सर्वांत वाईट चावतो. कुत्रा परत आला की हातमोजे घालूनच त्याला हात लावा, कारण त्याच्या केसांवर रॅकूनची ओली लाळ असू शकते. दाट केसांत दातांची बारीक भोकं सहज लपतात, म्हणून जखम दिसली नाही तरी व्हेटकडे जावंच. लसीकरण चालू असेल तर अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांनुसार रेबीजचा आणखी एक डोस आणि ४५ दिवस घरीच नजरेखाली ठेवणं, एवढ्यावर भागतं. लस कधीच दिली नसेल तर ४ महिने कडक विलगीकरण, नाहीतर त्या जिवाला कायमचं झोपवणं. एका स्वस्त लशीवर केवढा फरक!

चावा माणसाला झाला तर साबण-पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जुन्या काळच्या पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती मनात असेल तर ती काढून टाका. आता जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडं) आणि दंडात लशीचे ४ डोस, ०, ३, ७ आणि १४ व्या दिवशी. भारतात असताना कुत्रं चावून आधुनिक लशीचा पूर्ण कोर्स झाला असेल तर तेही सांगा, मग सहसा दोनच डोस पुरतात.

घराच्या बाबतीत उपाय साधे आहेत, फक्त ते सातत्याने करावे लागतात. कुत्र्याचं जेवण घरात. कुत्र्यासाठी दाराला झडप असेल तर ती रात्री बंद, नाहीतर रॅकून तिथूनच स्वयंपाकघरात येतो. रात्री कुत्र्याला सोडण्याआधी बाहेरचा दिवा लावून दार वाजवा, मिनिटभर थांबा, मग पट्टा लावून न्या. धुराड्याला जाळीची टोपी, छपरावर आलेल्या फांद्यांची छाटणी, डेकभोवती जमिनीत फूटभर पुरलेली जाळी. माळ्यावर बिऱ्हाड असेलच तर घाई नको. दिवा आणि रेडिओ चालू ठेवला की मादी बरेचदा स्वतःहून पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. पिल्लं चालती झाल्यावर एकतर्फी दार बसवता येतं, ज्यातून बाहेर पडता येतं पण आत येता येत नाही. आत कोणी राहिलं नाही याची खात्री झाल्यावरच भोक बुजवा.

पूर्व अमेरिकेत किंवा ऑन्टारियोत फिरताना कुत्र्याला कधी रानात एखादी चपटी, वासाची वडी सापडेल. रॅकूनांना रेबीजची लस पोटातून देण्यासाठी विमानांतून, हेलिकॉप्टरमधून आणि शहरांत हाताने टाकलेलं ते आमिष असतं. कुत्र्याने ते खाल्लं तर घाबरू नका. फार खाल्ली तर पोट बिघडेल, एवढंच. तोंडातून ओढून काढायला जाऊ नका, त्यात लशीचा द्रव तुमच्याच हाताला लागतो. लागलाच तर साबणाने हात धुवा आणि पाकिटावर छापलेल्या नंबरवर फोन करा. वडी न फुटलेली असेल तर हातमोजा घालून ती कुत्रा पोचणार नाही अशा झुडपाखाली परत ठेवा, म्हणजे रात्री ज्याच्यासाठी टाकली आहे त्याला ती मिळेल.