दोन कोपरे, एक ओळ: माइनक्राफ्टमध्ये कमांडने बांधकाम कसं सुरू झालं

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या व्हिडिओ गेमची पहिली जाहीर आवृत्ती १७ मे २००९ रोजी आली, तेव्हा त्यात करण्यासारखं काम एकच होतं: ब्लॉक, म्हणजे एक ठोकळा, ठेवायचा, नाहीतर काढायचा. शंभर बाय शंभरची फरशी घालायची म्हणजे दहा हजार क्लिक. किल्ला, शहर, मोठं जहाज असं काही मनात आलं की आधी हा हिशोब आडवा यायचा. कमांडने, म्हणजे खेळात टाइप केलेल्या एका ओळीच्या हुकमाने, बांधायची पद्धत या अडचणीतून निघाली. तिचा इतिहास पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: सोय आधी खेळाडूंनी जुळवली आणि मूळ खेळात ती नंतर आली.

सुरुवात झाली ती खेळाडूंनी स्वतः लिहिलेल्या सर्व्हरवर, म्हणजे अनेकांना एकाच जगात खेळू देणाऱ्या प्रोग्रॅमवर. ‘क्लासिक’ या सुरुवातीच्या आवृत्तीच्या काळातल्या अशा सर्व्हरमध्ये ‘क्यूबॉइड’ ही कमांड असायची. ती लिहायची, एका कोपऱ्यात खूण करायची, कर्णाच्या दुसऱ्या टोकाला दुसरी खूण करायची, की मधली सगळी जागा भरून निघायची. दोन कोपरे सांगितले की पूर्ण ठोकळा ठरतो, ही साधी भूमिती पुढच्या जवळपास प्रत्येक साधनाने उचलली.

२०१० मध्ये आलेल्या वर्ल्डएडिट या मॉडने, म्हणजे खेळाला बाहेरून जोडायच्या पुरवणीने, तिला खरी धार दिली. हातात लाकडी कुऱ्हाड घ्यायची, डाव्या क्लिकने पहिला कोपरा, उजव्या क्लिकने दुसरा. मग दोन तिरक्या रेघा टाइप करून त्यापुढे हुकूम: ‘सेट’, ‘रिप्लेस’, ‘कॉपी’, ‘पेस्ट’. गोल, दंडगोल, पिरॅमिडही एका ओळीत. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे ‘अनडू’. चुकलं तर परत फिरता येतं, या भरवशावर माणूस मोठं धाडस करतो. मोठमोठ्या सार्वजनिक नकाशांच्या, म्हणजे इतरांना खेळायला दिलेल्या तयार जगांच्या, मागे या एका कमांडचा हात फार मोठा आहे असं मला ठामपणे वाटतं. मूळ खेळात अशी कमांड आजही नाही. त्याच सुमारास एमसीएडिट हे खेळाबाहेरून जग उघडून बदलणारं साधनही लोकप्रिय झालं. जगाचा तुकडा ‘स्किमॅटिक’ फाइलमध्ये साठवून दुसऱ्याला देण्याची रीत त्यानेच रुजवली.

मूळ खेळातला बदल मात्र वेगळ्याच कारणाने सुरू झाला. ऑगस्ट २०१२ मधल्या १.३ आवृत्तीत एकट्याने खेळायचं जगसुद्धा आतून एका छोट्या सर्व्हरवर चालू लागलं. तोवर कमांड ही सर्व्हर चालवणाऱ्यांची गोष्ट होती. आता चीट्स (कमांड वापरू देणारी सोय) सुरू असलेल्या कुणाच्याही जगात ती चालू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १.४ सोबत कमांड ब्लॉक आला. त्यात ओळ लिहून ठेवायची, रेडस्टोनचा, म्हणजे खेळातल्या विजेचा, झटका मिळाला की ती अमलात येते. साहसी नकाशे रचणाऱ्यांसाठी तो होता, बांधकाम करणाऱ्यांचा विचार त्यात फारसा नसावा. पण ऑक्टोबर २०१३ मध्ये १.७ आवृत्तीत ‘सेटब्लॉक’ आली, म्हणजे दिलेल्या जागी एक ब्लॉक ठेवणारी कमांड, आणि चित्र पालटलं.

खेळाडूंनी या एका कमांडमधून घड्याळ, म्हणजे आपोआप पुन्हा पुन्हा ठोके देणारं यंत्र, बनवलं. एक कमांड ब्लॉक शेजारी रेडस्टोनचा ब्लॉक ठेवणार, त्या ब्लॉकने दुसरा कमांड ब्लॉक जागा होणार, आणि तो ठेवलेला ब्लॉक पुसून टाकणार. पुन्हा पहिल्यापासून. ब्लॉक ठेवण्यासाठी दिलेली कमांड अशी यंत्राची नाडी झाली. ही युक्ती मला आजही सुंदर वाटते, कारण तिच्यात एकही भाग जास्तीचा नाही.

२ सप्टेंबर २०१४ रोजी १.८ आली आणि ‘फिल’ व ‘क्लोन’ या दोन कमांड मूळ खेळात दाखल झाल्या. ‘क्लोन’ एका जागेची नक्कल दुसरीकडे उतरवते. ‘फिल’मध्ये दोन कोपऱ्यांचे सहा आकडे आणि ब्लॉकचं नाव लिहायचं. दोन्ही टोकांचे ब्लॉक धरले जातात, त्यामुळे १० ते २० म्हणजे दहा नव्हे, अकरा ब्लॉक. भिंत एका ब्लॉकने जास्त लांब गेली, तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. आकड्याऐवजी नागमोडी चिन्ह लिहिलं की अंतर स्वतःच्या जागेपासून मोजलं जातं. म्हणून कमांड ब्लॉकमध्ये लिहिलेली इमारत दुसरीकडे उचलून नेता येते.

शेवटी जोडायचा शब्दही महत्त्वाचा. ‘हॉलो’ लिहिलं तर बाहेरचं कवच बनतं आणि आत हवा भरली जाते. ‘आउटलाइन’ लिहिलं तर कवच बनतं, पण आतल्या वस्तूंना धक्का लागत नाही. सजवलेल्या दालनाभोवती नवी भिंत घालताना या दोन शब्दांची अदलाबदल झाली, तर आतली सगळी मेहनत नाहीशी होते, आणि ‘अनडू’ नसल्यामुळे ती परत येत नाही. ‘कीप’ फक्त रिकाम्या जागा भरतं. ‘रिप्लेस’ने ठरावीक ब्लॉकच बदलता येतो.

एका ओळीत ३२,७६८ ब्लॉक ही मर्यादाही तेव्हाचीच. हा आकडा म्हणजे ३२ चा घन. एका थराची चौरस फरशी घातली तर १८१ बाय १८१ बसते, १८२ बाय १८२ बसत नाही. २५६ बाय २५६ ची फरशी मात्र दोन ओळींत अगदी चपखल बसते, कारण २५६ गुणिले १२८ म्हणजे नेमके ३२,७६८. त्या काळातले बांधकाम करणारे कागदावर अशी फाळणी करून मगच कमांड लिहायचे.

पुढची अडचण लांबलचक कामांची होती. पन्नास ओळींचं घर असेल तर पन्नास कमांड ब्लॉक मांडायचे. खेळाडूंनी त्यावर ‘वन कमांड’ शोधला. एकावर एक रचलेले, कमांड ब्लॉक वाहून आणणारे पडते ब्लॉक एकाच लांब ओळीतून बोलवायचे, आणि ते जागेवर बसले की अख्खं यंत्र उभं राहायचं. फेब्रुवारी २०१६ मधल्या १.९ मध्ये साखळीने चालणारे आणि आपोआप पुन्हा पुन्हा चालणारे कमांड ब्लॉक आले, आणि घड्याळाच्या जुन्या युक्तीची गरज उरली नाही. तयार इमारत साठवून, फिरवून किंवा आरशातल्यासारखी उलटवून मांडणारा स्ट्रक्चर ब्लॉकही त्याच सुमाराचा. ‘क्लोन’ला हे फिरवणं जमत नाही.

जून २०१७ मध्ये १.१२ सोबत ‘फंक्शन’ आलं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं मोठं वळण हेच आहे. कमांड आता साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिता येऊ लागल्या. ती फाइल वाचता येते, दुरुस्त करता येते, दुसऱ्याला पाठवता येते, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एखाद्या प्रोग्रॅमकडून तयारही करून घेता येते. ‘फिल’ला फक्त सरळ कडांचा ठोकळा कळतो. घुमट हवा असेल तर प्रोग्रॅमने प्रत्येक थराचा हिशोब करून शेकडो ओळी लिहायच्या आणि खेळाने त्या चालवायच्या. वर्षभराने, जुलै २०१८ मध्ये, १.१३ ने ब्लॉकचे जुने आकडे काढून नावं आणली. पूर्वी ग्रॅनाइटसाठी ‘स्टोन’पुढे १ लिहावं लागे, आता सरळ ग्रॅनाइट. वाचायला हे कितीतरी बरं, पण त्याआधीच्या बऱ्याच शिकवणाऱ्या लेखां-व्हिडिओंमधल्या ओळी तेव्हापासून चालत नाहीत.

शिक्षणाच्या बाजूने एक समांतर वाट गेली. २०१३ मध्ये रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकासाठी निघालेल्या मोफत आवृत्तीत पायथनमधून थेट ब्लॉक ठेवता यायचे. तिथेही दोन कोपरेच द्यायचे होते, ‘फिल’ येण्याच्या आधीच. शाळांसाठीच्या एज्युकेशन एडिशनमध्ये पुढे ‘एजंट’ नावाचा छोटा यंत्रमानव आला, जो मुलांनी लिहिलेल्या सूचनांनुसार बांधत जातो.

अलीकडचे दोन बदल जुन्या दुखण्यांवरचे आहेत. मार्च २०२३ च्या १.१९.४ मध्ये ३२,७६८ ची मर्यादा गेमरूलने, म्हणजे जगाचे नियम ठरवणाऱ्या सेटिंगने, वाढवता येऊ लागली, आणि फरशीची फाळणी करण्याची गरज उरली नाही. सप्टेंबर २०२३ च्या १.२०.२ मध्ये फंक्शनला मॅक्रो मिळाले. तोवर फाइलमधली लांबी-रुंदी पक्की लिहावी लागायची, सात ब्लॉक रुंदीच्या घराची फाइल नऊ रुंदीला चालत नसे. आता आकड्याची जागा रिकामी ठेवायची आणि फंक्शन बोलावताना तो आकडा सोबत द्यायचा.