राजपूत एक नव्हे, दोन

दर ४ डिसेंबरला, नौदल दिनी, आमच्या सदाशिव पेठेतल्या अमृततुल्यात हमखास ऐकू येतं, ‘पाकिस्तानी पाणबुडी गाझी बुडवणारी विनाशिका राजपूत २०२१ साली निवृत्त झाली.’ साफ चूक! ती सोव्हिएत बनावटीची राजपूत नौदलात आली १९८० साली. १९७१च्या युद्धातली राजपूत म्हणजे ब्रिटिशांची जुनी ‘रॉदरहॅम’. १९४२ साली जलावतरण, दुसऱ्या महायुद्धात हिंदी महासागरात कामगिरी, १९४९ साली भारताकडे. म्हणजे ७१ साली म्हातारीच! तरी विमानवाहू युद्धनौका विक्रांत असल्याचं सोंग तिनंच वठवलं, खरी विक्रांत अंदमानकडे सुरक्षित होती. विशाखापट्टणमबाहेर राजपूतनं डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले, गाझी बुडाली. पाकिस्तान मात्र हे श्रेय तिला देत नाही. १९७६ साली ती भंगारात निघाली.