फाइलवरची सही नेमकी कशावर असते?

परवा मामांचा फोन आला. आधारची ऑफलाइन ई-केवायसी, म्हणजे ओळख पटवून द्यायची, फाइल त्यांनी उतरवून घेतली होती. पत्त्यातल्या गावाच्या नावात एक अक्षर चुकलेलं. "नोटपॅडमध्ये सरळ उघडली, तेवढं अक्षर बदललं आणि पाठवली. तर समोरचा म्हणतो सही जुळत नाही. अरे, या फाइलला सही असते कुठे?"

असते, मामा. शेवटी जो अगम्य अक्षरांचा ढीग दिसतो ना, तीच. मामांना मी आधी रीतसर पत्ता दुरुस्त करून मग नवी फाइल उतरवायला सांगितलं. पण ही सही इतकी सुंदर गोष्ट आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहायलाच हवं.

ती फाइल एक्सएमएलमध्ये असते. संगणकाच्या मेमरीत माणसाची माहिती सुटी पडलेली असते, नाव एकीकडे, पत्ता दुसरीकडे, फोटो तिसरीकडेच. दुसऱ्या संगणकाकडे ती पाठवायची तर एकामागून एक अक्षरंच जाणार. म्हणून सुटी फुलं दोऱ्यात ओवावीत तशी ती ओळीने ओवतात आणि पलीकडचा संगणक पुन्हा सुटी करून घेतो. या ओवण्याला म्हणतात सिरियलायझेशन. एक्सएमएल हा ओवण्याचा एक ठरलेला प्रकार, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रमाण केलेला. यूपीआयने चहाचे १० रुपये देताना बँका आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय यांच्यात जे निरोप धावतात, तेही एक्सएमएलमध्येच असतात, आणि त्यांच्यावरही डिजिटल सही असते.

आता या दोन ओळी पाहा. एक्सएमएलमध्ये टॅग, म्हणजे कोनी कंसांतली नावं, देवनागरीतही चालतात; 'नाव' आणि 'गाव' हे इथे 'ग्राहक' टॅगचे गुणधर्म.

<ग्राहक नाव="शांता" गाव="कऱ्हाड"/>

<ग्राहक गाव='कऱ्हाड' नाव='शांता'></ग्राहक>

माहिती तीच, शांताबाई कऱ्हाडच्याच. पण अक्षरमाळ वेगळी. एका प्रणालीने पहिल्यासारखी ओवली, दुसरीने दुसरीसारखी, तर दोघींचंही काही चुकलं नाही. सहीचं मात्र इथेच अडतं. सही करताना आधी अक्षरमाळेचा हॅश, म्हणजे गणिताने येणारा ठसा, काढतात; सही त्या ठशावर होते आणि तपासणारा तो पुन्हा काढून ताडून पाहतो. एसएचए-२५६ या पद्धतीत मजकूर केवढाही असो, २५६ बिटांचा ठसा निघतो आणि मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी तो पार वेगळा येतो. मग नुसतं अवतरणचिन्ह बदललं म्हणून खरी फाइल खोटी ठरवायची का?

यावर शोधलेला तोडगा मला फार आवडतो. सही करणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने, दोघांनीही, आधी मजकूर एका प्रमाण रूपात आणायचा आणि हॅश त्याचाच काढायचा. याचं नाव कॅनॉनिकलायझेशन; इंग्रजी शब्दातल्या पहिल्या आणि शेवटच्या अक्षरांमध्ये १४ अक्षरं, म्हणून आमच्या धंद्यात त्याला 'सी१४एन' म्हणतात. नियम मार्च २००१ मध्ये प्रमाण झाले. अवतरणचिन्हं दुहेरीच. रिकामा टॅग उघडून वेगळा बंद करायचा. गुणधर्म युनिकोड क्रमाने, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकाने, लावायचे, म्हणजे 'गाव' आधी, 'नाव' नंतर. (या क्रमात 'ळ' आपल्या वर्णमालेसारखा 'ह'नंतर येत नाही, 'ल'ला लागून येतो.) हे नियम लावले की वरच्या दोन्ही ओळी अगदी बाइटगणिक एक होतात.

टॅगच्या आतली जादा मोकळी जागा हे नियम काढून टाकतात, दोन टॅगांच्या मधली मात्र राखतात. त्यामुळे एडिटरने वाचायला सोपं जावं म्हणून ओळी आत सरकवल्या की एकही अक्षर न बदलता सही मोडते. सही केलेला तुकडा एका निरोपातून काढून दुसऱ्यात ठेवला तर वरच्या टॅगांचे नेमस्पेस (टॅगचं नाव कोणत्या शब्दसंचातलं ते सांगणाऱ्या नोंदी) त्याच्या प्रमाण रूपात शिरतात. ते टाळायला २००२ मध्ये 'एक्सक्लूझिव्ह' प्रकार आला, त्यात तुकड्यात प्रत्यक्ष वापरलेले नेमस्पेसच धरतात. जेसन हा ओवण्याचा दुसरा प्रकार तर नंतर आला, पण त्याच्या प्रमाण रूपाचा दस्तऐवज, आरएफसी ८७८५, निघायला २०२० उजाडलं.

एका अक्षराला इथे एवढी किंमत आहे, म्हणून कळकळीने सांगतो. अंकशास्त्राच्या नादाने नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये जादा 'ए' घालून घेऊ नका. त्याने नशीब बदलत नाही, पण पॅन आणि आधारवरची नावं एकमेकांशी जुळेनाशी होतात.

आणि कऱ्हाडमधला तो 'ऱ'. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकसंध चिन्ह म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचं टिंब) म्हणून. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत पहिल्याला ३ बाइट लागतात, दुसऱ्याला ६. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण सी१४एन त्यांना एक करत नाही. म्हणून मराठी नावं हाताळणाऱ्या प्रणालीने मजकूर आधी युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणावा, ज्यात हा 'ऱ' एकसंधच होतो (फोनच्या एनएफसीशी याचा संबंध नाही), आणि मगच सही करावी. सही झाल्यावर कोणी तो 'ऱ' सारखा करायला गेलं, तर तेही मामांनी केलेल्या दुरुस्तीसारखंच होतं.