आमदार वारले की दोन नंबरवाला आमदार? नाही हो!

परवा नव्या पेठेत चहाच्या टपरीवर एकजण परत तेच सांगत होता, आमदार वारला की दोन नंबरच्या उमेदवाराला आपोआप सीट मिळते म्हणून. अहो, असं काही नसतंय. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातलं पंढरपूर-मंगळवेढा बघा ना, नोव्हेंबर २०२० ला तिथले आमदार भारतनाना भालके गेले, २०१९ ला दोन नंबरला असलेले सुधाकरपंत परिचारक तर त्याआधीच ऑगस्टमध्ये गेलेले, मग कुणाला बसवणार होते? १७ एप्रिल २०२१ ला पोटनिवडणूक झाली, समाधान आवताडे ३,७३३ मतांनी आले, तेही उरलेल्या मुदतीपुरतेच. कायद्यानं जागा सहा महिन्यांत भरायची असते, मुदत वर्षाच्या आत उरली असेल तर मात्र सक्ती नाही.