कुत्रीचं स्पे ऑपरेशन कधी करायचं आणि नंतर तिला कसं सांभाळायचं

घरी फिमेल पिल्लू आलं की चार-पाच महिन्यांत प्रश्न येतोच, हिचं स्पे ऑपरेशन, म्हणजे बीजकोश आणि बहुतेकदा गर्भाशयही काढणं, कधी करायचं? एक डॉक्टर म्हणतात पहिल्या हीटच्या आधी (म्हणजे पहिल्यांदा माजावर यायच्या आधी) करून टाका, दुसरे म्हणतात वर्ष होऊ दे, आणि शेजारच्या काकू म्हणतात एकदा तरी पिल्लं होऊ देत की तिला. काकूंचं तेवढं सोडून द्या, एकदा व्यायल्याने कुत्रीची तब्येत सुधारते याला काहीही पुरावा नाही. पण दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण उत्तर नुसत्या वयावर नाही, तुमची कुत्री मोठी होऊन किती किलोची होणार यावरही आहे.

लवकर करा म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार म्हणजे १९६९ सालचा एक अमेरिकन अभ्यास, स्तनांच्या गाठींवरचा. त्यातले आकडे सगळीकडे फिरतात, पहिल्या हीटआधी केलं तर ०.५ टक्के, एका हीटनंतर ८ टक्के, दोन किंवा जास्त हीटनंतर २६ टक्के. हे बहुतेक लोक चुकीचं वाचतात. शंभरातल्या २६ कुत्र्यांना कॅन्सर होतो असं ते नाहीये, ऑपरेशन न केलेल्या कुत्रीला जेवढा धोका असतो त्याच्या २६ टक्के धोका उरतो असं ते आहे. म्हणजे दोन हीट झाल्यावरही फायदा होताच. २०१२ मध्ये या विषयावरचे सगळे अभ्यास पुन्हा तपासले गेले तेव्हा पुरावा वाटतो तेवढा भक्कम नाही असंही निघालं.

थांबा म्हणणाऱ्यांची बाजू हाडांची आहे. लांब हाडांच्या टोकाला वाढीचा मऊ भाग असतो, तो वेळेवर बंद व्हायला बीजकोशातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन लागतं, बीजकोश लवकर काढले की हाडं जरा जास्तच लांब वाढतात आणि गुडघ्यावर येणारा ताण बदलतो. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये गोल्डन रिट्रीव्हरचे रेकॉर्ड तपासले, २०१३ मध्ये ते छापून आलं, त्यात वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्या फिमेल्सपैकी साधारण ८ टक्क्यांचा गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला होता आणि न केलेल्यांमध्ये एकीचाही नाही. नंतर मिक्स ब्रीडवर काम झालं तेव्हा २० किलोच्या वरच्या कुत्र्यांमध्ये हा सांध्यांचा त्रास दिसला, लहान चणीच्यांमध्ये नाही. म्हणून माझं मत सरळ आहे, पॉमेरेनियन किंवा छोटी इंडी (देशी कुत्री) असेल तर सहा-सात महिन्यांत करायला हरकत नाही, लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड असेल तर निदान वर्ष होऊ द्या. मोठ्या कुत्र्यांत ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी झोपेत लघवी गळायचा त्रासही जास्त दिसतो, गोळ्यांनी तो बऱ्यापैकी आटोक्यात येतो, पण आधीच माहीत असलेलं बरं.

मात्र थांबायचं म्हणजे विसरायचं नाही. प्रत्येक हीटनंतर, पिल्लं असोत नसोत, साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढलेलं राहतं, गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्याचं तोंड बंद होतं आणि आत जंतू अडकले तर पू भरतो. हाच पायोमेट्रा. स्वीडनमध्ये सरसकट स्पे करत नाहीत, तिथल्या इन्शुरन्सच्या नोंदींप्रमाणे दहा वर्षांची व्हायच्या आत चारपैकी जवळपास एका कुत्रीला तो होतो. हीटनंतर काही आठवड्यांनी कुत्री मरगळली, खायचं सोडून नुसतं पाणी पीत सुटली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, बाहेर स्राव दिसला नाही तरी.

ऑपरेशनची तारीख हीटवरून मोजायची. हीटमध्ये रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो. हीट संपल्या संपल्या केलं तर प्रोजेस्टेरॉन एकदम कोसळतं, प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन वाढतं आणि खोट्या गर्भारपणाची लक्षणं, दूध येणं वगैरे, अडकून राहू शकतात. हीटनंतर अडीच-तीन महिने ही चांगली वेळ. रस्त्यावरच्या कुत्रीचा हिशोब वेगळा, तिथे तीन महिने थांबलं तर ६३ दिवसांत पिल्लं होऊन मोकळी होते, त्यामुळे तिला पकडता येईल तेव्हाच करून घ्यायचं. आणि आपल्याकडे एक टेस्ट चुकवूच नका, रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. गोचीड तापात त्या गुपचूप खाली गेलेल्या असतात, कुत्री वरून ठीक दिसते आणि टेबलावर रक्त थांबत नाही.

घरी आणल्यावर पहिली रात्र ती कण्हेल, थरथरेल, भुलीचा अंमल असतो, अंगाखाली गादी द्या, थोडासा मऊ भात द्या. हिरड्या बघत राहा, गुलाबी हव्यात. पांढऱ्या पडल्या, पोट फुगत चाललं किंवा दुसऱ्या दिवशीही अजिबात खाल्लं नाही तर फोन करत बसू नका, थेट घेऊन जा. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन अजिबात द्यायची नाही, कुत्र्यांना ती विषासारखी बाधू शकते. डॉक्टरांनी दिलेलं पेनकिलर मात्र पूर्ण द्या, ती रडत नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं.

खरी काळजी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. तेव्हा ती ठणठणीत दिसते, बॉलमागे धावायला बघते, आणि माणसं म्हणतात चला बरी झाली. वरची कातडी पटकन जुळते, पण पोटाच्या भिंतीचा जो थर आतून शिवलाय तो सावकाश भरतो, या दिवसांत तो टाक्यांच्या जोरावरच धरलेला असतो. सोफ्यावर उडी, जिने, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती यात आतला टाका सुटला तर आतडी बाहेर येऊ शकतात. त्यामुळे १० ते १४ दिवस पट्ट्याला बांधूनच शू-शीपुरतं बाहेर, लिफ्ट नसेल तर छातीखाली आणि मागून हात घालून उचलून न्या. आंघोळ नाही, जखमेवर हळद-तेल नाही. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन रात्रीही काढायचा नाही, कितीही केविलवाणं बघितलं तरी, एका रात्रीत चाटून टाके उघडतात. जखमेजवळ छोटीशी, न दुखणारी सूज बहुतेकदा आपोआप जिरते, पण वास, पू किंवा वाढती लाली आली तर दाखवा.

टाके निघाल्यावर जेवणाकडे बघा. बीजकोश गेले की भूक वाढते आणि शरीराची गरज मात्र कमी होते, साधारण पाव हिस्सा तरी, म्हणून वाटीतलं त्या हिशोबाने कमी करा आणि दर महिन्याला वजन करा.