पित्त, ॲसिडिटी आणि जठराचे अस्तर

मुंबईत पोटाच्या वरच्या भागात आग पडू लागली की कोणी 'पित्त झालंय' म्हणतो, कोणी 'ॲसिडिटी झालीय' म्हणतो, आणि दोघांनाही एकच सांगायचे असते. अंगावर गांधी उठल्या तरी आपल्याकडे पित्तच उठते, यकृतातून येणारा रस पित्तच असतो आणि करपट ढेकरांचे खापरही पित्तावरच फुटते. या सैल वापरात एक भेद हरवतो. जळजळ ही जाणीव आहे. जठरदाह, म्हणजे डॉक्टरांचा गॅस्ट्रायटिस, हा जठराच्या आतल्या अस्तराचा दाह आहे. पहिली असताना दुसरा असेलच असे नाही, आणि दुसरा असताना पहिली जाणवेलच असेही नाही.

आयुर्वेदात या तक्रारीला अम्लपित्त म्हणतात, आणि तिचे स्वतंत्र वर्णन काश्यपसंहिता आणि पुढे माधवनिदान या ग्रंथांत येते. आंबट-कडू ढेकर, छातीत व घशात जळजळ, अन्न न पचणे, शिणवटा ही लक्षणे आजच्या रुग्णाच्या तोंडीही तशीच येतात. मात्र जिवंत माणसाचे जठर आतून कोणी पाहिलेले नव्हते, त्यामुळे रोगाची ओळख लक्षणांवरूनच ठरत असे. युरोपातही निराळे नव्हते. जर्मन वैद्य श्टाल यांनी १७२८ च्या सुमारास 'गॅस्ट्रायटिस' हा शब्द वापरला, आणि पुढच्या शतकात पॅरिसचे डॉक्टर ब्रुसे यांनी जवळजवळ प्रत्येक रोगाचे मूळ जठर-आतड्यांच्या दाहात शोधून त्यावर जळवा लावण्याचा असा सपाटा लावला, की १८३३ या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा आयात केल्याचे सांगतात.

त्याच १८३३ साली अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांचे पुस्तक निघाले. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठराला पडलेले भोक बुजले नाही, आणि बोमाँट वर्षानुवर्षे त्या भोकातून आत पाहत राहिले. सेंट मार्टिन आठ-दहा दिवस भरपूर दारू प्यायल्यावर अस्तर लालभडक झालेले आणि त्यावर चट्टे उठलेले त्यांना दिसले, तरी तो मात्र आपल्याला काही होत नाही, भूकही चांगली लागते, असे सांगत होता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची नोंद आहे, आणि तिच्याकडे बराच काळ पुरेसे लक्ष गेले नाही.

जर्मन डॉक्टर रुडॉल्फ शिंडलर यांनी १९३२ मध्ये काहीशी वाकणारी जठरदर्शक नळी वापरात आणल्यावर अस्तर पाहण्यासाठी अपघाताची गरज उरली नाही. दाहाचे प्रकार त्यांनी डोळ्यांनी पाहून मांडले. कारण मात्र आम्लातच शोधले जाई. तिखट, चिंता, जागरण, उपाशी पोटी चहा यांवर ठपका येई. जठररस कमालीचा आम्लधर्मी असतो हे खरे, पण अस्तरावरचा श्लेष्माचा, म्हणजे बुळबुळीत स्रावाचा, थर आणि त्यातला आम्ल मारणारा बायकार्बोनेट हा क्षार त्याला थोपवून धरतात. त्यामुळे खरा प्रश्न हा थर कशाने निकामी होतो, हा होता.

त्याचे एक उत्तर ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये दोन डॉक्टरांना मिळाले. रॉबिन वॉरेन यांना १९७९ मध्ये दाह झालेल्या अस्तराच्या तुकड्यांत वळणदार जिवाणू दिसले. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बॅरी मार्शल यांच्या, जिवाणू वाढवायच्या प्रयोगशाळेतल्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत ते जिवाणू वाढलेले आढळले. आम्लात जिवाणू जगूच शकत नाहीत, या आक्षेपाला उत्तर म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचे द्रावण स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांत मळमळ, उलट्या आणि तोंडाला दुर्गंधी सुरू झाली, आणि दहाव्या दिवशीच्या तपासणीत आधी निरोगी असलेल्या जठरात दाह सापडला. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा हा जिवाणू युरियापासून अमोनिया तयार करून स्वतःभोवतीचे आम्ल मारतो, हे त्याच्या तग धरण्याचे गमक आहे. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. भारतात हा संसर्ग बहुधा लहानपणीच होतो आणि लागण झालेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही जाणवत नाही.

दुसरे उत्तर औषधाच्या दुकानात आहे. ब्रिटिश संशोधक जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले की ॲस्पिरिनच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. अस्तराचे संरक्षण बऱ्याच अंशी या द्रव्यांवरच अवलंबून असते. दादर स्टेशनलगतच्या दुकानात सकाळी उभे राहिले तर हे समोर दिसते: गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक या त्याच जातीच्या औषधाच्या चार गोळ्या कात्रीने पट्टी कापून दिल्या जातात, गिऱ्हाईक 'सोबत गॅसची एक द्या' म्हणते, आणि डॉक्टरांची चिठ्ठी कोणी मागत नाही.

तिसरे कारण, शरीराची प्रतिकारशक्तीच जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींवर उलटणे, क्वचित आढळते. त्यात ब-१२ जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि पर्निशस नावाचा रक्तक्षय होतो. त्याच्यासारखाच दिसणारा गरोदर स्त्रियांचा रक्तक्षय, विशेषतः गिरणी कामगार स्त्रियांमधला, ब्रिटिश डॉक्टर ल्युसी विल्स यांनी मुंबईत अभ्यासला, आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो हे १९३१ मध्ये मांडले. पुढे फॉलिक आम्ल या जीवनसत्त्वाचा शोध लागला तो याच धाग्यावरून. जठराशी त्या रक्तक्षयाचा संबंध नव्हता.

आज एंडोस्कोपीच्या, म्हणजे नळीने जठर आतून पाहण्याच्या तपासणीच्या, अहवालात 'सौम्य गॅस्ट्रायटिस' हे शब्द सर्रास असतात. जठरदाहाची नोंद कशी करावी हे ठरवणाऱ्या १९९० च्या सिडनी पद्धतीने आणि १९९४ च्या तिच्या सुधारित रूपाने डोळ्यांना दिसलेली लाली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठरलेला दाह वेगळे नोंदवायला सांगितले आहे, आणि त्यासाठी जठराच्या ठरावीक जागांचे पाच तुकडे घ्यावेत असे सुचवले आहे. तुकडे न घेता लिहिलेला तो शब्द केवळ लालीबद्दल सांगतो. काळी, डांबरासारखी शौचास होणे, रक्ताची उलटी, कारण नसताना घटणारे वजन ही लक्षणे असतील तर अशा अहवालावर विसंबता येत नाही. आणि घाम फुटून पोटाच्या वरच्या भागात आग पडू लागली तर आधी ईसीजी काढावा लागतो, कारण हृदयविकाराचा झटकाही कधीकधी पित्तासारखाच जाणवतो.