कर्ल्यू सँडपायपरची स्वयंसेवी नोंदणी, मुंबई

कर्ल्यू सँडपायपर हा सैबेरियाच्या आर्क्टिक टुंड्रात वीण करून हिवाळा काढायला मुंबईच्या खाड्यांवर उतरणारा, साधारण २० सेंमी लांबीचा वेडर, म्हणजे चिखलात आणि उथळ पाण्यात चरणारा पक्षी. धोक्यातल्या प्रजातींच्या आययूसीएन लाल यादीत तो ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘संकटसमीप’मधून ‘असुरक्षित’ गटात गेला. शिवडी, भांडुप पंपिंग स्टेशन, ऐरोली आणि नेरूळची पाणथळे इथे हौशी पक्षीनिरीक्षक त्याची मोजदाद करतात. वर्षभराच्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जातात, तर जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत (१९८७ पासून) सगळ्याच पाणपक्ष्यांची शिरगणती होते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या लहान वेडर्सकडे मात्र फ्लेमिंगोंच्या गर्दीत सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

इथे आकडा ठरतो तो भरतीवर. पूर्ण ओहोटीला शिवडीचे पक्षी इतके लांब पांगतात की २०-६० पटीच्या स्कोपमधूनही (तिकाटीवरच्या दुर्बिणीतूनही) ठिपकेच दिसतात. भरतीच्या दोन-तीन तास आधी पाणी त्यांना काठाकडे रेटते, तेव्हा मोजावे. ऐन भरतीला चिखल बुडाला की थवे नेरूळसारख्या तळ्यांवर विसाव्याला जातात. उधाणाला (मोठ्या भरतीला) हे लवकर घडते; भांगाला (लहान भरतीला) थोडा चिखल उघडा राहतो आणि पक्षी विखुरलेलेच राहतात. म्हणून नोंदीत सुरुवातीची वेळ, कालावधी आणि भरतीची वेळ हवीच. भरतीची वेळ नसलेली ‘४०० पक्षी’ ही नोंद पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.

ओळखीत घोळ होतो तो मुख्यतः डनलिन या तशाच दिसणाऱ्या वेडरशी. कर्ल्यू सँडपायपरची चोच लांब व एकसारखी बाकदार, पाय काळे आणि उंच. उडताना शेपटीच्या मुळाशी अखंड पांढरा पट्टा दिसतो. डनलिनच्या पट्ट्यातून मधोमध काळी रेघ जाते. ब्रॉड-बिल्ड सँडपायपरची चोच टोकाशीच खाली मुडपते आणि त्याच्या भुवया दुहेरी असतात. खात्री नसेल तर ‘लहान वेडर, जात अनिश्चित’ असे लिहावे. अंदाजाने जात ठोकून देऊ नये.

मोठा थवा दहा-दहाच्या गटांत मोजतात. मिश्र थव्यात स्कोपने शंभर पक्षी तपासून प्रमाण काढण्याची पद्धत आहे, पण हा नमुना एकाच कडेचा घेतला की गणित फसते. छोटे टिलवे (लिटल स्टिंट) ओलसर चिखलावर टिपतात, कर्ल्यू सँडपायपर मात्र पोटापर्यंत पाण्यात उभा राहून चोच खुपसतो. पाण्याच्या कडेलाच मोजले तर त्याची संख्या फुगते. शाहीन ससाणा आला की सगळा थवा उठतो आणि दुसरीकडे बसतो. तोच पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून तो कुठे उतरला हे बघावे. गटाने गेल्यास ई-बर्डवरची यादी एकाने भरावी आणि इतरांनी तीच आपल्या खात्यात घ्यावी.

वयाची नोंद बहुतेक जण टाळतात, हे नुकसानीचे आहे. ऑगस्टमधल्या प्रौढांच्या पोटावर विटकरी डाग उरलेले असतात. नंतर येणाऱ्या पिल्लांची पाठ खवल्यांसारखी आणि छातीवर पिवळसर झाक असते. टुंड्रात लेमिंग (उंदरासारखे प्राणी) भरपूर असले की कोल्हे पिल्लांना सोडून लेमिंगवर ताव मारतात, आणि त्या वर्षी पिल्लांचे प्रमाण वाढते. पिसे बदलल्यावर हा फरक पुसट होतो, त्यामुळे वयाचे काम ऑक्टोबरपर्यंत उरकावे.

पायात रंगीत पट्टी दिसली तर रंग, वरखाली क्रम, अक्षरे आणि पक्ष्याचा स्वतःचा डावा की उजवा पाय हे टिपून, फोटो असल्यास त्यासह, बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) कळवावे. अक्षरे वाचण्याच्या मोहात चिखलात मात्र उतरू नये. पाय गुडघ्यापर्यंत रुततो, वर थवा उडतो तो वेगळाच.